पोटुशी भिंत

आमच्या घरामागच्या भिंतीला पोट आलं होतं. थट्टा नाही करत. दोन्ही टोकांना भिंत सरळ उभी, आणि मधोमध चांगली हातभर पुढे आलेली. खालच्या बोळातून जाणारे टवाळ लोक मान वर करून विचारायचे, "काय वो बाई, कितवा लागला?" मी घरची सून, मला तोंड उघडायची सोय नव्हती. पदर पुढे ओढून मी निमूट भांडी घासायचे आणि मनात म्हणायचे, मेल्या, तुझ्याच टाळक्यावर बाळंत होऊ दे तिला, मग मोज महिने.

ही कामरगावची गोष्ट, दुसऱ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधीची. माझं माहेर धनजचं. धनजच्या पोरी तोंडाच्या फटकळ असं कामरगावात म्हणत, आणि ते खोटं ठरवायचा मी कधी प्रयत्न केला नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात माणसं तीनच: सासरे, आमचे हे आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. चौथी म्हैस. तिला मी माणसांत धरते, कारण तिच्यावाचून आमचं घर एक दिवस चाललं नसतं.

त्याचं असं. त्या काळी सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि सासऱ्यानंही सुनेला थेट हाक मारायची नाही. मधे सासू असली म्हणजे निरोप पोचतात. आमच्याकडे सासू नाही, आणि हे दिवसभर वावरात. मग बोलायचं कोणाच्या तोंडानं? परसात म्हैस बांधलेली असायची. मी तिच्याकडे पाहून म्हणायचे, "म्हशे, मामाजीले सांग, ताट वाढलं." मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिकडून म्हणायचे, "म्हशे, तिले सांग, कालच्या वरनात मीठ नोतं." म्हैस बिचारी कान हलवायची. चार वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो, पण म्हशीशी रोज कडाकडा भांडत होतो.

आता भिंतीचं सांगते. आमचं गाव जुन्या पांढरीवर वसलेलं. पांढरी म्हणजे घरांची जागा, उंचावरची, पांढऱ्या मातीची. काळी म्हणजे वावरं. आमचं घर पांढरीच्या अगदी काठावर. स्वयंपाकघराच्या मागे पंधरा हातांचं परस, परस संपलं की ती भिंत, आणि भिंतीपलीकडे दीड पुरुष खाली बोळ. बोळ कसला, दोन-तीन हातांची फट. त्या फटीला लागून खालाचं घर.

खाला म्हणजे आमची खालच्या अंगाची शेजारीण. सारा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. विधवा बाई, वाळ्याच्या टट्ट्या आणि पंखे विणायची. उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना बांधून ज्यांवर पाणी मारतात त्या टट्ट्या. कचेरीतल्या साहेबांसाठी तिच्या टट्ट्या गाडी भरून जायच्या. वाळ्याला ती खस म्हणायची. नाल्याकाठचा खस खोदायचा, मुळ्या धुवायच्या, वाळवायच्या, विणायच्या, यात तिचा जन्म गेला. तिच्या दारावरून जाताना ओल्या वाळ्याचा वास यायचा आणि मला उगीचच दोन मिनिटं थांबावंसं वाटायचं.

खालाचा नवरा जिवंत असताना त्याचं आणि मामाजींचं भांडण झालं होतं, एक हात जागेवरून. एकच हात बरं का! त्या एका हातासाठी मामाजींनी तहसिलीत जोडे झिजवले आणि शेवटी जिंकले. ज्या रेघेवर जिंकले, त्याच रेघेवर त्यांनी ही भिंत उभी केली. पुढे खालाचा नवरा वारला. भांडायला माणूस उरला नाही, पण भिंत होती. मामाजी रोज सकाळी राखुंडीनं दात घासताना एक हात भिंतीवर ठेवून खाली पाहायचे. जिंकलेली जागा जागच्या जागी आहे ना, एवढंच बघायचं असायचं त्यांना.

बरं, भिंत बांधली ती बांधली, मागे भरावाला माती कोणती घालावी? पांढरीवर राहता, पांढरी माती पायाशी पडलेली. पण नाही! "माह्या वावराची माती म्हंजे सोनं हाये," म्हणून अकरा गाड्या काळी माती आणून भरली. आता वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही सांगेल, काळी माती काय करते. पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. पावसाळ्यात ती भिंतीला ढकलायची, उन्हाळ्यात मागे सरायची, आणि पुढच्या पावसाळ्यात भेगांमध्ये पाणी शिरलं की दुप्पट जोरानं ढकलायची. वावरात मामाजी या मातीची नस न नस ओळखायचे. कपाशीच्या दोन ओळींत किती अंतर ठेवायचं हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. पण घराशी येताना सगळी अक्कल वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, ठेवून यायचे.

गवंडी शहाणा होता. त्यानं भिंतीत पाणी जायला भोकं ठेवली होती. पहिल्याच पावसात त्यांतून गढूळ पाणी बोळात उतरायला लागलं. मामाजींनी ते पाहिलं आणि त्यांचं पित्त खवळलं. "माह्यी माती तिच्या घरी जाऊन राह्यली!" भर पावसात घोंगडी पांघरून त्यांनी एकेक भोक चिंध्या आणि शेणमाती कोंबून बुजवलं. पाण्याच्या जोरानं बोळे निघायचे, हे पुन्हा कोंबायचे. दर पावसाळ्याचा हाच धंदा. चिमूटभर काळी माती शेजारणीकडे जाऊ नये म्हणून सगळं पाणी आपल्याच भिंतीच्या पोटात साठवायचं, ही अक्कल जगात दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

त्या वर्षी चैत्रात खालाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक. खालाचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बांबू, टट्ट्यांचे सांगाडे आणि माल न्यायला येणारे पुरुष. बाळंतिणीची खाट टाकायची तर मागच्याच खोलीत, म्हणजे बरोबर आमच्या भिंतीच्या पोटाखाली. मी परसातून वाकून विचारलं, "कधीचे दिवस?" पोरगी लाजली. खालाच म्हणाली, "आखाडातले. अन् तुमच्या भितीचेबी तवाच भरून राह्यले. पाहू बाप्पा, कोनची पयले मोकयी होते." आणि ती खो खो हसली. मीही हसले. मग दोघींचं हसू एकदम थांबलं, कारण दोघींनीही त्या पोटाकडे पाहिलं होतं.

तेव्हापासून मला चैन पडेना. भांडी घासताना एखादा खडा भिंतीवरून खाली गेला तरी मी भांडं टाकून वाकून पाहायचे. ती पोरगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तिच्या अंगावर आमची अब्रू कोसळली तर त्या अब्रूला काय करायचं?

उपाय मला माहीत होता. धनजला आमच्या वावराच्या कडेनं नाला जातो. नाल्याची जी दरड उभी, ती दर पावसाळ्यात कोसळायची. जी दरड निजलेली, वाळ्या-निरगुडीनं भरलेली, ती माझ्या आजाच्या वेळेपासून जागची हलली नव्हती. खालाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मले काय शिकवतं बेटी? खसाच्या मुया खोदता खोदता माह्या दोन लोखंडी सबली वाकल्या. खस एकदा जमिनीले धरला का सोडत नाई." म्हणजे भिंत उतरवायची, मागची माती तिरपी छाटायची आणि त्या उतारावर झाडं लावायची, बस्स.

पण माती तिरपी छाटायची म्हणजे वरून जागा सोडावी लागते. आमच्या परसातले पाच हात. ज्या माणसानं एका हातासाठी तहसील पालथी घातली, त्याला पाच हात सोड म्हणून कोण सांगणार? मीच सांगितलं, अर्थात म्हशीला.

"म्हशे, मामाजीले सांग, यंदा भित पडन. खाली जड पायाची पोरगी हाये. भित काढून उतार करा, झाडं लावा."

"म्हशे, तिले सांग," मामाजी सुपारी कातरत म्हणाले, "भित माह्यी हाये. यंदा चुना लावतो."

"म्हशे, इचार मामाजीले, पोटुशीले चुना लावला का पोट जिरते?"

अडकित्ता थांबला. "म्हशे, त्या धनजवालीले सांग, एक बोट जागा सोडनार नाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा."

म्हशीनं शेण टाकलं. बोलणं तिथेच संपलं.

वैशाखात केनवडला मामाजींच्या भाचीचं लग्न निघालं. केनवड म्हणजे पार रिसोडकडे. भावकीतली मंडळी दमणी जुंपून निघणार होती. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, आणि नवरीचा मामा म्हटल्यावर चार दिवस मानपान घेतल्याशिवाय उठतो होय? मी बोटं मोजली. दहा दिवस! मी इतक्या हौसेनं दशम्या बांधून दिल्या, धोतरं धुऊन दिली, पानाचा डबा भरून दिला, की मामाजी दमणीत बसता बसता म्हशीला म्हणाले, "इचं आज काई खरं दिसत नाई."

खरं नव्हतंच. वैशाख-ज्येष्ठ हे आमच्याकडे धाब्यावर माती टाकायचे दिवस. घरं धाब्याची, वरचं छत सपाट, मातीचं. पाऊस लागायच्या आत प्रत्येक घराला वर नवी पांढरी माती लागते. ती फुगत नाही आणि पाणी खाली सोडत नाही. बाया टोपल्या घेऊन गावाबाहेरच्या पडक्या गढीपर्यंत जायच्या आणि डोक्यावर ऊन आणि माती दोन्ही घेऊन यायच्या. आणि मामाजींचं चावडीवरचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणाचा कंजूषपणा निघाला की ते मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "माती अन् इस्तो, दारी आलेल्याले नाई म्हनू नये." इस्तो म्हणजे विस्तव. सगळ्या गावाला ते वाक्य पाठ होतं.

दमणी वेशीबाहेर पडली आणि मी घागर घेऊन विहिरीवर गेले. तिथे एवढंच म्हणाले, "आमच्या परसाच्या मांगं पांढरी माती लय सुरेख हाये. मामाजी तं म्हनतच असतात, दारी आलेल्याले नाई म्हनू नये." यात एक शब्द खोटा असेल तर सांगा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता परसात पंधरा-वीस टोपल्या हजर. आमचे हे बैल सोडत होते. त्यांनी बायांची रांग पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय चालू हाये?"

"माती नेऊन राह्यल्या."

"अन् भित?"

"भित मधात येऊन राह्यली."

हे बराच वेळ बैलाची पाठ खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "मी तं पहाटीच गेलतो वावरात. मले काई दिसलं नाई." आणि निघून गेले. संध्याकाळी मात्र न सांगता पऱ्हाट्यांची गाडी भरून आणून परसात ओतली. कापूस वेचून झाल्यावर वावरात वाळलेली झाडं उरतात त्या पऱ्हाट्या. मला त्यांचा इतका लाड आला की त्या दिवशी भाकरीवर तुपाचा गोळा दिसेल एवढा घातला.

खालानं लेकीला पुढच्या खोलीत नेऊन बसवलं, पदर खोचला आणि मुकादमकी हातात घेतली. "खालून कोनी हात लावनार नाई! वरून काढा, एकेक दगड. घाई करन ती पयले माह्या हातचा मार खाईन." दगड या हातातून त्या हातात देत बाजूनं खाली उतरवले आणि बोळात गुडघाभर उंचीची ओळ रचली. खालानं आपल्या बाजूचा एक हात सोडला. तेवढाच, जेवढ्यासाठी तिचा नवरा भांडला होता. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "पाहून काय राह्यली? दगड दे."

काळी माती आधी निघाली. ती दगडांच्या ओळीमागे लोटून दाबली. मग मागची पांढरी. मी परसात पाच हातांवर राखेची रेघ मारली होती आणि बायांना सांगितलं होतं, रेघेच्या अलीकडे खोदाल तर याद राखा, आणि खोदायचं ते तिरपं. भोकांमधले बोळे निघाले तेव्हा तर कहर झाला. खालानं काठीवर एक मळकं कापड उचलून दाखवलं. ते मामाजींचं जुनं मुंडासं होतं. मी धुताना हरवलं म्हणून वर्षभर म्हशीला ज्याच्यापायी बोलणी खावी लागली होती, तेच!

आठव्या दिवशी भिंत नव्हती. मऊ, निजलेला उतार होता. खालानं नाल्यावरून खसाचे गड्डे आणले होते, ते आम्ही आडव्या ओळींत लावले. मधे पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आडव्या टाकून खुंट्या ठोकल्या, पाणी धावत सुटू नये म्हणून. मोकळ्या जागी तरवड आणि निरगुडी, माथ्यावर घायपात. शेळी ज्याला तोंड लावत नाही तेच लावायचं, हा धनजचा कायदा. शेवटचा गड्डा लावून खालानं मातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा खस मी कदी खोदनार नाई. खुदाची कसम." तिचं पोट ज्याच्या मुळ्यांवर चालायचं, तिनं ही शपथ घेतली, हे लक्षात घ्या.

मामाजी एक दिवस आधीच आले. जेवणात काहीतरी मानपान कमी पडला म्हणे. मी चुलीपुढे होते, परसात उरलेला मातीचा ढीग नेणाऱ्या बायांचा गलबला, आणि तो एकाएकी बंद झाला. मागच्या दारात येऊन पाहते तर मामाजी डोक्यावर नवा फेटा, काखेत वळकटी, आणि नजर समोर. समोर काहीच नव्हतं. जिथे भिंत होती तिथे आता थेट खालाच्या घराचं धाबं दिसत होतं.

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पाटलाघरची म्हातारी डोक्यावर टोपलं घेऊन त्यांच्यासमोर आली आणि थांबून म्हणाली, "भाऊ, बोलनारे लय असतात, देनारा तूच. निम्म्या गावाच्या धाब्यावर यंदा तुह्यी माती हाये. देव तुले लय देवो." मागच्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मामाजींचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं, वळकटी खाली ठेवली, आणि हातानं परस मोजायला लागले. कोपरापासून बोटापर्यंत, एक, दोन, तीन. दहाला थांबले. पुढे राखेची रेघ होती.

त्यानंतर ते चार दिवस म्हशीशीही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, शिव्या देतील, धनजला पाठवतील. त्याची तयारी ठेवून मी लुगडीसुद्धा घडी करून ठेवली होती. पाचव्या दिवशी ते म्हशीजवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हशे, तिले इचार. भित होती, तं निदान भित होती. आता हे उघडी माती त्या पोरीच्या अंगावर आली, तं?"

तोपर्यंत सगळा खेळ वाटत होता, आणि मी फार हुशार असं वाटत होतं. त्या एका प्रश्नानं माझं पाणी झालं. वाळ्याला मुळ्या धरायला एक पावसाळा तरी लागतो, हे मला ठाऊक होतं. आणि पोरीचे दिवस तर ऐन पावसाळ्यात भरणार होते. मी दोन्ही वेळ मोरीचं पाणी त्या झाडांना घालत राहिले. कधी कधी वाटायचं, माती आधीच ओली आहे. कोणीतरी माझ्याआधी पाणी घालून गेलेलं असायचं. मी विचारलं नाही, आणि म्हशीनंही सांगितलं नाही.

आषाढात झड लागली. दोन दिवस, दोन रात्री पाऊस उसंत घेईना. तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पोतं घेतलेली सुईण बोळातून खालाकडे जाताना दिसली, आणि मी काय ते समजले. तव्यावरची भाकरी तशीच करपली. मागच्या दारातून पाहिलं तर मामाजी उताराच्या माथ्यावर घोंगडी पांघरून उकिडवे बसले होते आणि काठीनं माती टोचून पाहत होते. वाळ्याची पाती जेमतेम वीतभर झाली होती.

उताराच्या मधोमध, जिथे भिंतीचं पोट होतं तिथेच, टोपलंभर माती सरकली. मग आणखी एक टोपलं.

"म्हशे!" मामाजी ओरडले. म्हैस पार पलीकडे गोठ्यात, तिला काय ऐकू जातंय? "म्हशे, पऱ्हाट्या आन म्हन तिले! लौकर!"

मी पदर खोचला आणि पऱ्हाट्यांची पेंढी ओढत आणली. मामाजी चिखलात बसून पायानं पेंढी दाबू लागले, मी खुंटी धरली. खालून त्या पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि मधेच खालाचा आवाज, "बस बेटा, झालंच, झालंच." 

"म्हशे, तिले सांग, पाय घट्ट रोव."

"म्हशे, मामाजीले सांग, खुंटी तिथं नाई, इथं ठोका."

"म्हशे, तिले सांग, मले शिकवू नको."

अशी आमची कामं चालली होती. अंगावरून पाणी वाहत होतं आणि मी रडत होते की पाऊसच होता, मलाही कळत नव्हतं. फार भ्याले होते मी. माथ्यावरून येणारं पाणी पऱ्हाट्यांशी अडायचं, थांबायचं, मग निवांत खाली उतरून दगडांमधून बोळात निघून जायचं. आधी गढूळ होतं. तास दीड तासानं निवळ यायला लागलं. मामाजी ते पाणी पाहत राहिले. बुजवायला एकही भोक नव्हतं, आणि पाणी आपलं आपलं चाललं होतं.

आणि खालून ट्यांहा ऐकू आलं.

मामाजींचा हात खुंटीवर तसाच राहिला. खाला बोळात धावत आली, वर तोंड करून ओरडली, "पोरगी झाली! दोघीबी बऱ्या हायेत!" मग तिचा आवाज उतरला. "पन गवऱ्या भिजल्या वो साऱ्या. शेकाले इस्तो नाई घरात."

मी उठणार, तोच मामाजी उठले. गोठ्यातल्या कोरड्या गवऱ्यांनी टोपलं भरलं. आत येऊन आमच्या चुलीतला विस्तव खापरात घेतला, वर दुसरं खापर झाकलं आणि ते टोपल्यात मधोमध ठेवलं. स्वतःची घोंगडी काढून टोपल्यावर टाकली. खालाच्या दारी जायचं तर वेशीकडून मोठा वळसा पडायचा. मामाजींनी वळशाच्या वाटेकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं आणि उतारावर पाय टाकला.

दुसऱ्याच पावलाला घसरले. टोपलं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं, आणि बुडावर बसून ते तरवडीतून, वाळ्यातून सरळ दगडांच्या ओळीपर्यंत गेले. टोपलं तसूभर कलंडलं नाही. खाला समोर उभी होती. भांडणानंतर त्या बाजूला मामाजींनी पहिल्यांदाच पाय ठेवला होता, तोही असा. मग खालानं टोपलं घेतलं आणि ती आत पळाली.

मामाजी चार पायांवर वर चढून आले, तरवडीला धरत धरत. मिशीला चिखल, कानात चिखल, धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. माथ्यावर आले आणि धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले. गोठ्यात म्हैस हंबरली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काहून वो पोरी," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "येवढं सारं केलं, अन् पायऱ्या काहून नाई ठेवल्या? मान मोडली असती माह्यी!"

सवयीनं माझं तोंड गोठ्याकडे वळलं. मग मी ते फिरवलं. डोक्यावर पदर होता की नव्हता, आठवत नाही.

"मामाजी," मी म्हणाले, "उघाड पडली का करू."